पाच लाखांची डिग्री, सोळा हजारांची नोकरी

मागच्या रविवारी बार्शीहून मामा आले. येताना नेहमीप्रमाणे ज्वारी, शेंगाचटणी आणि या वेळी एक्स्ट्रा म्हणून मामेबहीण. ती बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला मास कॉम करायचंय. पुण्यात. ताईसारखं.

ही 'ताई' म्हणजे मी. वय वर्षं अठ्ठावीस, फ्रीलान्स जर्नलिस्ट, राहणार कोथरूड, आईबाबांकडे. (हा शेवटचा मुद्दा आर्थिकदृष्ट्या फार महत्त्वाचा आहे, पुढे येईलच.)

पोहे झाले, चहा झाला. मग मामांनी पिशवीतून एक जाडजूड, गुळगुळीत प्रॉस्पेक्टस काढलं. कव्हरवर हातात माईक धरलेली मुलगी, चेहऱ्यावर जग जिंकल्याचा भाव. आत 'हायेस्ट पॅकेज' असं लिहून पुढे डोळे फिरतील असा आकडा. आणि शेवटच्या पानावर, जरा बारीक अक्षरांत, फी. दोन वर्षांचे साडेसहा लाख.

मामांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. समोरच्याच्या शेतात किती पिकणार आणि त्यातली उधारी किती परत येणार, हे त्यांना माणूस बघून कळतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलं, "तायडे, खर्च कळला. उतारा किती पडतो ते सांग."

माझी सॉलिड विकेट पडली. मी तोंड उघडून 'मामा, शिक्षणाची किंमत पैशात नसते मोजायची' असं म्हणणारच होते. पण मग फी कशात मोजतात, असं त्यांनी विचारलं असतं आणि ते बरोबरच होतं. गॅलरीत बाबा पेपर वाचत बसले होते. पान उलटल्याचा आवाज थांबला होता.

"संध्याकाळपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं, आणि खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला.

गंमत बघा. मी जीएसटीवर लिहिलंय, घरभाड्यांवर लिहिलंय, 'तिशीच्या आत गुंतवणूक' या विषयावर तर चार वेळा लिहिलंय. पण स्वतःच्या डिग्रीचा हिशेब कधी मांडला नव्हता. का, ते एक्सेलची पहिली पाच घरं भरल्यावरच कळलं.

माझा कोर्स २०१७ ते २०१९. खासगी कॉलेज, दोन वर्षांची फी पाच लाख, अडीच-अडीचच्या दोन हप्त्यांत. त्यासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज, ११ टक्क्यांनी, सहकर्जदार बाबा. शैक्षणिक कर्जाचा फंडा असा की कोर्स चालू असताना आणि त्यानंतर काही महिने हप्ता नसतो. आपल्याला वाटतं, वा, काय सोय आहे! पण हप्ता नसतो म्हणजे व्याज नसतं असं नाही. ते पहिल्या दिवसापासून चालू असतं. जानेवारी २०२० मध्ये माझा पहिला हप्ता आला तेव्हा पाच लाखांचे सहा लाख दहा हजार झालेले होते. मी एक पैसा न वापरता. हप्ता १०,४४५ रुपये, ८४ महिने. गुणाकार केला : ८ लाख ७७ हजार ३८०.

हे झाले दिसणारे पैसे. न दिसणारेही असतात. माझी शाळेपासूनची मैत्रीण बीकॉम होऊन २०१७ मध्येच एका बँकेच्या बॅक ऑफिसला लागली, पंधरा हजारांवर. मी लेक्चरला बसून 'जनमत म्हणजे काय' शिकत होते त्या दोन वर्षांत तिनं तीन लाख साठ हजार कमावले. मी नाही कमावले, म्हणजे तो माझा खर्चच. त्यात लॅपटॉपचे बेचाळीस हजार. सगळं मिळून बारा लाख एकोणऐंशी हजार. पाच लाखांची डिग्री म्हणता म्हणता!

आणि पहिली नोकरी? ट्रेनी उपसंपादक, महिना सोळा हजार. तेव्हा हप्ता सुरू झाला नव्हता, त्यामुळे पगार भरपूर वाटायचा. वैशालीत डोसा, गुडलकमध्ये बन मस्का, अॅक्टिव्हात पेट्रोल, लाइफ एकदम झकास. जानेवारीत हप्ता गेला आणि हातात साडेपाच हजार उरले. त्या दिवशी रात्रपाळी करून पहाटे दोनला कर्वे रस्त्यानं घरी येताना मी पहिल्यांदा मनातल्या मनात भागाकार केला होता. आठ तासांचा माझा दर आणि आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा तासाचा दर. कोण पुढे होतं, ते सांगत नाही.

त्या पगारावरून एक किस्सा आठवला. कोर्समध्ये आम्हाला मजिठिया वेतन मंडळ होतं. पत्रकारांच्या पगारासाठीच्या त्याच्या शिफारशी केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित केल्या, फेब्रुवारी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि जून २०१७ मध्ये, म्हणजे मी अॅडमिशन घेतली त्याच महिन्यात, कंत्राटावरच्या पत्रकारांनाही त्या लागू होतात असंही कोर्टानं सांगितलं. मी परीक्षेत हे सगळं लिहून दहापैकी आठ मार्क मिळवले. नोकरीच्या मुलाखतीत मजिठिया हा शब्द कुणी काढला नाही. मीही नाही. आठ मार्क घरी ठेवून सही केली आणि कंत्राट घेऊन आले.

पुढचं तुम्हाला माहितीच आहे, कारण तुमच्याही ऑफिसात २०२० झालंच असेल. जूनमध्ये फोन आला, आमच्या डेस्कवरच्या चौघांची गरज उरली नव्हती. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, मी ती आनंदानं घेतली होती. व्याजावरचं व्याज सरकारनं नंतर परत केलं, मूळ व्याज मात्र आपलं आपणच भरायचं. सहा महिने हप्ता न भरल्याबद्दल शेवटाला सहा हप्ते वाढले. म्हणजे २०२६ च्या डिसेंबरात संपणारं कर्ज आता थेट २०२७ च्या अखेरीला संपणार.

आणि सप्टेंबर २०२० पासून हप्ते बाबांनी भरले. बाबा भोसरीतल्या कंपनीतून त्याच्या आदल्या वर्षी रिटायर झालेले. किती महिने भरले हे मी कधी मोजलं नव्हतं. मोजलं नव्हतं म्हणजे मोजायचं टाळलं होतं. रविवारी बँकेचं स्टेटमेंट काढून मोजलं. चौदा. एक लाख शेहेचाळीस हजार दोनशे तीस रुपये. हा आकडा एक्सेलमध्ये टाइप केला आणि किचनमध्ये जाऊन उगाच पाणी पिऊन आले.

आता जमेची बाजू. इथे जरा मजा आहे.

आमच्या वर्गात चाळीस जण होतो. व्हॉट्सअॅप ग्रुप अजून आहे, दिवाळीत आणि कुणाच्या लग्नात जागा होतो. रविवारी दुपारी मी तिथे सरळ विचारलं : कोण काय करतंय आणि किती मिळतात, खोटं बोलायचं नाही. तासाभरात एकवीस उत्तरं आली (पुणेकर दुपारी झोपतात ही अफवा असावी). त्यातले बातम्यांच्या धंद्यात उरलेत सहा. एकजण मराठी चॅनेलला, एवढ्या वर्षांनी चौतीस हजारांवर. दुसरी एका वेबसाइटची पुण्याची प्रतिनिधी, चाळीस हजार. बाकी पंधरा जण बाहेर. लोअर परळच्या पीआर एजन्सीत एक लाख दहा हजार घेणारी, हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीचं कंटेंट बघणारा पंच्याऐंशी हजारवाला, बाणेरला ज्वेलरी ब्रँडचे रील करणारी, हॉस्पिटलची कॉर्पोरेट कम्युनिकेशन मॅनेजर. ज्यांनी पत्रकारिता सोडली, त्यांची पत्रकारितेची डिग्री वसूल झाली. ज्यांनी धरून ठेवली, ते माझ्यासारखे आईबाबांकडे राहतात.

हे वाचून तुम्ही म्हणाल, मग तूही जा की पीआरमध्ये. बॉस, अर्धी गेलेलीच आहे! गेल्या आर्थिक वर्षात मी सहा लाख वीस हजार कमावले. त्यात माझ्या नावानं छापून आलेल्या लेखांचे किती? एक लाख पस्तीस हजार. उरलेले आले एका कंपनीच्या न्यूजलेटरमधून, एका संस्थेच्या वार्षिक अहवालातून, वेबसीरिजच्या मराठी सबटायटल्समधून आणि एका बिल्डरच्या ब्रोशरमधून, ज्यात मी 'निसर्गाच्या कुशीत' हा शब्दप्रयोग सात वेळा केलाय. त्या सहा लाखांवर दहा टक्के टीडीएस आधीच कापला जातो आणि रिफंडसाठी वर्षभर थांबायचं. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत आठ वर्षांपर्यंत सूट मिळते हे खरं, पण एवढ्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत कर लागतच नसल्यानं ती सूट म्हणजे टकल्याला कंगवा.

भरीला, नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. आधी क्लायंट म्हणायचे, "बाराशे शब्द लिहून दे." आता म्हणतात, "लिहून झालंय, तू फक्त एकदा नजर फिरव." नजर फिरवण्याचा दर वेगळा असतो. तो किती कमी, ते लिहिलं तर क्लायंट जातील.

आणि मग आमचा आत्येभाऊ. बारावीनंतर कॉलेज सोडलं, कॅमेरा घेतला, यूट्यूबवर एडिटिंग शिकला, आता मुळशीकडे प्री-वेडिंग शूट करतो. एका लग्नाचे ऐंशी हजार घेतो आणि सीझनला तारखा नसतात. फॅमिली फंक्शनला भेटला की मला विचारतो, "काय मॅडम, मीडियात काय चाललंय?" त्याला मी दरवेळी 'मस्त' असं सांगते.

असल्या चर्चेत आमचे एक काका हमखास म्हणतात, "टिळकांनी कुठे केलं होतं मास कॉम?" नव्हतंच केलं. टिळकांकडे बीए आणि कायद्याची पदवी होती. 'केसरी' १८८१ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर दोघेही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले. पत्रकारितेचं पॅकेज तेव्हाही असंच होतं म्हणायचं. उलटं उदाहरणही पुण्यातलंच आहे. नानासाहेब परुळेकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आले, तिथली वर्तमानपत्रं बघून आले आणि १ जानेवारी १९३२ ला त्यांनी 'सकाळ' सुरू केला. आमच्याकडे बातमीला असं महत्त्व देणारं दैनिक हवं, हे त्यांना तिथे बघून सुचलं. म्हणजे शिकून फरक पडतो. पण ते शिकून आले आणि स्वतःचा पेपर काढला. आम्ही शिकून आलो आणि सोळा हजारांवर सही केली. हा फरक काकांच्या लक्षात येत नाही.

बरं, मला काहीच मिळालं नाही का? असं म्हटलं तर खोटं होईल, आणि आमचे एक सर भेटले तर ओरडतील. पहिल्या सेमिस्टरला या सरांनी आम्हा सगळ्यांना पहाटे साडेचारला मार्केट यार्डात पाठवलं होतं. पाऊस, चिखल, कोथिंबिरीचे ढीग, हमालांच्या शिव्या. असाइनमेंट एवढीच, की एका भाजीची एका रात्रीची गोष्ट आणा. मी साडेतीनशे शब्दांचं भारी वर्णन लिहून नेलं. धुकं, कंदील (कंदील नव्हते, ट्यूब होत्या), शेतकऱ्याचे थकलेले डोळे. सरांनी वाचलं आणि विचारलं, "जुडी त्यानं कितीला दिली? गाडीभाडं किती? हातात किती पडले?" मला माहीत नव्हतं. त्यांनी कागद परत दिला. "थकलेले डोळे मी घरी बसून लिहू शकतो. आकडा विचारल्याशिवाय परत यायचं नाही." दुसऱ्या दिवशी मी परत साडेचारला गेले.

ते पाच लाखांतलं एक लेक्चर होतं. बाकीची किती लेक्चर्स त्या तोडीची होती असं विचाराल तर आठ-दहा. शिवाय माहिती अधिकाराचा अर्ज नीट कसा लिहायचा, मानहानीचा कायदा कुठे आडवा येतो, मुलाखतीत गप्प कधी बसायचं. आणि सगळ्यात जास्त पैसे कशानं दिले असतील तर त्या चाळीस जणांनी. मला आजवर मिळालेलं एकूण एक काम या ग्रुपमधल्या कुणाच्या तरी फोननं मिळालंय, डिग्रीचं सर्टिफिकेट मात्र एकाही क्लायंटनं मागितलेलं नाही. ते आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे.

पण हे सगळं कमी पैशांत मिळालं नसतं का? फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे. पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, साठच्या दशकापासूनचा. फी आमच्या कॉलेजच्या कैक पटींनी कमी. मराठी पेपरांच्या कुठल्याही डेस्कवर जा, तिथला कुणीतरी भेटतोच. २०२१ मध्ये हा विभाग तिथून हलवून दुसऱ्या विभागात विलीन करायचं घाटत होतं, तेव्हा माजी विद्यार्थी असे काही खवळले की बास. आमचं कॉलेज उद्या हलवलं तर आमच्या ग्रुपवर दोन अंगठे येतील. मी तिथली प्रवेश परीक्षा दिलीच नव्हती. का? कारण आमच्या कॉलेजच्या प्रॉस्पेक्टसमध्ये स्टुडिओचा फोटो होता. खरं सांगते, एवढंच कारण. त्या स्टुडिओत मी दोन वर्षांत मोजून चार वेळा गेले.

संध्याकाळी मामांपुढे लॅपटॉप ठेवला. त्यांनी सगळे रकाने बोट लावून वाचले. मामेबहीण शेजारी, बाबा गॅलरीतून आत येऊन सोफ्याच्या कडेला. मी सांगत होते ते तिला, पण ऐकत मामाच होते. कॉलेजला 'हायेस्ट पॅकेज' विचारू नकोस. मधल्या मुलाला किती मिळाले ते विचार. चाळिसातल्या वीस जणांना किती, आणि कसल्या कामाचे. इंटर्नशिपचे पाच हजार त्यांनी प्लेसमेंटमध्ये धरलेत का ते विचार. कर्ज काढायचंच झालं तर २०२४ मध्ये आलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत कॉलेज आहे का बघ, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे. आठ लाखांच्या आतल्या मुलींना राज्य सरकारनं २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केलीय, पण खासगी विद्यापीठं त्यात नाहीत. तुझा कोर्स त्यात बसतो का, हे कॉलेजकडून लेखी घे. आणि कोर्स चालू असताना जमेल तेवढं व्याज भरत जा, मामा, शंभर-दोनशे का होईना.

मामा म्हणाले, "म्हणजे साडेसहा लाख टाकून सोळा हजार."

"आता सुरुवात वीस-बावीसची असेल. पण तसंच काहीसं."

"एवढ्यात बोअर पडतंय आमच्याकडं. आन् मोटर."

मामेबहिणीचा चेहरा पडला. ती एवढा वेळ काही बोलली नव्हती. मग म्हणाली, "ताई, तू परत केलं असतंस का पण?"

घरात एकदम शांतता. मला बाबांकडे न बघता उत्तर द्यायचं होतं. म्हटलं, "कमी फीमध्ये, रानडेसारख्या ठिकाणी, हो. उद्यासुद्धा. कर्ज काढून नाही." आणि मग, एवढं बोललेच आहे तर, असं वाटून म्हटलं, "बाबांचे चौदा हप्ते मी अजून दिलेले नाहीत."

"कोण मागतंय?" बाबा म्हणाले. मग लॅपटॉपकडे बोट करून, "एक खर्च राहिलाय यात. तुझं नाव पहिल्यांदा छापून आलं ना, तेव्हा मी नाक्यावरून अकरा अंक आणले होते. चार रुपयाला एक."

हे मला माहीत नव्हतं. "अकरा? कुणाला दिले?"

"भोसरीला. गेटवर वाटले."

मामांनी लगेच हिशेब केला, "चव्वेचाळीस." मी नवीन ओळ घेऊन ४४ टाइप केलं. मामेबहिणीनं तोवर फोनवर रानडेच्या प्रवेश परीक्षेची माहिती शोधायला घेतली होती. मधेच मान वर करून तिनं विचारलं, "ताई, मार्केट यार्डात पहाटे एकटीनं जायचं की सगळे मिळून?"